४३ भागिले ८

वाफसा यायच्या आधी सेलूकडच्या काळ्या रानात जीप घालून पाहावी. चाकांना चिखलाचे थर, मागे खताची पोती, तरी जुनी सीजे-३बी पहिल्या गिअरमध्ये बांध चढते. लोक श्रेय इंजिनाला देतात. मी ते मागच्या एक्सलमधल्या दोन आकड्यांना देईन: ४३ आणि ८.

चाकाकडच्या दातेरी चक्राला, म्हणजे क्राउनला, ४३ दात, त्याला फिरवणाऱ्या पिनियनला ८. भागाकार ५.३७५, म्हणजे पिनियन इतक्या वेळा फिरेल तेव्हा चाकाचा एक फेरा. गंमत मात्र ४३ मध्ये आहे. सरळ ४० दात ठेवले असते, तर पिनियनचा प्रत्येक दात जन्मभर क्राउनच्या त्याच पाच दातांवर घासला असता. ४३ आणि ८ यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे प्रत्येक दात आळीपाळीने समोरच्या सगळ्यांशी भिडतो आणि झीज वाटली जाते. ज्याने हे दात मोजून ठरवले त्याला दाद द्यावी वाटते!

महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेर मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, तेव्हाच्या रस्त्यांना हा हिशेब शोभत होता. समृद्धी महामार्गाला तो शोभत नाही. गिअरबॉक्स तीनच गिअरचा, टॉप सरळ एकास एक. ६.००-१६ चा टायर धरला तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर जातं, आणि त्याची ७५ अश्वशक्तीची कमाल तिथेच संपते. पुढे नुसता आवाज.

इथे ओव्हरड्राइव्ह हवा, म्हणजे एकाहून कमी गुणोत्तराचा वरचा गिअर. जनरल मोटर्सचा १९८२ चा ७००आर४ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेतले हौशी लोक जुन्या गाड्यांत बसवतात. पहिला गिअर ३.०६, चौथा ०.७०. पण एकटा आकडा वाचून काही कळत नाही, गुणाकार वाचायचा. सत्तरच्या दशकाअखेरच्या काही अमेरिकन गाड्यांत एक्सल २.४१ चा असे, त्याला ०.७० ने गुणलं की १.६९ उरतं, आणि चौथ्यात इंजिन धापा टाकतं. उलट जीपच्या ५.३७५ ला ३.०६ लावला तर पहिला गिअर साडेसोळाच्या घरात जातो. सुटताच संपतो.

आता या गिअरबॉक्सला दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा ३९/८ एक्सल घ्या, म्हणजे ४.८७५. गुणिले ३.०६, उत्तर १४.९. सीजेचा मूळ पहिला २.७९८ गुणिले ५.३७५, उत्तर १५.०! चिखलातली ओढ जवळपास तीच राहिली. वरच्या टोकाला मात्र ०.७० ने गुणून ३.४१ मिळाले, आणि शंभरच्या वेगाला चार हजारांच्या जागी अडीच हजारांच्या जरा वर फेऱ्या. दोन वेगळ्या काळांतल्या वस्तू इतक्या जुळाव्यात, हे मला फार देखणं वाटतं.

कागदावर, अर्थात. फोर-व्हीलमध्ये मागचा क्राउन-पिनियन बदलला की पुढचाही बदलावाच लागतो, नाहीतर कोरड्या डांबरावर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. ७००आर४ ला कार्ब्युरेटरपासून एक केबल येते. ती सैल राहिली तर आतल्या तेलाचा दाब पडतो आणि क्लचपट्ट्या जळतात. शिवाय जीपचा उभा चौकोनी तोंडवळा समोरच्या वाऱ्यात सापडला, की चौथा गिअर टिकत नाही आणि गाडी पुन्हा तिसऱ्यात येते.