नाकारलेल्या शिफारशीचा कागद कुठे असतो?

मंडळी, व्यापाराच्या कायद्यांची अंमलबजावणी नीट होते का, हे पाहायला संसदेचं स्वतःचं कार्यालय हवं, अशी एक सूचना आहे. विषय दिल्लीचा वाटेल. पण बिरवाडीच्या शेजारी महाडची रासायनिक वसाहत आहे, म्हणून तो इथे बोलायचा.

परदेशी कारखानदार स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात माल इथे विकतो, त्याला डंपिंग म्हणतात. त्याची चौकशी वाणिज्य मंत्रालयातलं महासंचालनालय, २०१८पासूनचं डीजीटीआर, करतं आणि शुल्काची शिफारस करतं. शुल्क लावायचं की नाही, हे मात्र अर्थ मंत्रालय ठरवतं. आता गंमत बघा. १९७५च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याचं कलम ९अ सांगतं की शुल्काची अधिसूचना दोन्ही सभागृहांपुढे ठेवा. शुल्क लागलं की कागद येतो. शिफारस नाकारली तर अधिसूचनाच नसते. मग सभागृहापुढे ठेवणार काय? २०२०नंतर अशा बऱ्याच शिफारशी मान्य झाल्या नाहीत. म्हणजे संसदेला होकार दिसतो, नकार दिसत नाही.

महाडकरांना हे नवं नाही. १९२३मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, १९२४मध्ये नगरपालिकेनेही तो मानला. चवदार तळ्याचं पाणी प्यायला तरी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. 

काहीजण म्हणतात, वाणिज्याची स्थायी समिती आहे की. आहे, १९९३पासून आहे. पण ती माहिती मागते ती त्याच अधिकाऱ्यांकडे. लोकलेखा समितीला दात आहेत, कारण तिच्यामागे कॅगचे हिशेब तपासणारे लोक बसलेत. वाणिज्य समितीमागे असं कोण आहे?

तरीही या सूचनेतला एक भाग मला खटकतो. काही समर्थकांना हे कार्यालय म्हणजे शुल्क लावून घेण्याचं यंत्र वाटतं. रसायनाच्या धंद्यात एकाचा तयार माल हा शेजारच्याचा कच्चा माल असतो. शुल्काने एक कारखाना तरेल, तर भिंतीपलीकडच्याचा खर्च वाढेल. त्यामुळे काही नकार योग्यही असतील. कारण लिहिलेलं असेल तरच ते कळणार. तेव्हा कार्यालयाला शुल्काचा अधिकार नको. नाकारलेल्या प्रत्येक शिफारशीची कारणं मागून ती सभागृहापुढे ठेवायची, एवढंच काम द्या. आणि कार्यालय उभं राहीपर्यंत थांबायचंही कारण नाही, कलम ९अमध्ये एक ओळ वाढवली तरी सुरुवात होईल.