टिपरू कुणाच्या हाती?

मंडळी, ‘फावेला रायझिंग’ हा २००५चा माहितीपट आपण पाहिला. रिओतल्या विगारिओ जेराल वस्तीतला अँडरसन सा अमली पदार्थांच्या धंद्यातून बाहेर पडतो आणि ‘आफ्रोरेगे’तर्फे पोरांना ढोल-गाण्याकडे वळवतो. ताल अंगात भिनतो, यात वाद नाही. पण एका नायकाची गोष्ट रंगली, की ‘बिघडलेली पोरं संगीतानं सुधारली’ एवढंच डोक्यात उरतं. आमची तक्रार इथे आहे.

आता बघा, ऑगस्ट १९९३मध्ये याच वस्तीत २१ रहिवासी मारले गेले. मारणारे पोलीस होते. माहितीपटात हे येतं, पण नायकाच्या कथेची पार्श्वभूमी म्हणून. मग सुधारायचं कुणी? याचं उत्तर ‘आफ्रोरेगे’नं पडद्याबाहेर दिलं: २००४मध्ये मिनास जेराइस राज्यात त्यांनी पोलिसांनाच ढोल शिकवायला घेतले.

आणि पोटाचं काय? धंदा पोराच्या हातात पैसे ठेवतो. नुसत्या टाळ्यांवर त्याचं घर चालत नाही. ढोलातून कमाई झाली आणि गल्लीत गोळी येणं थांबलं, तरच तो पर्याय. नाहीतर आपण पोरांच्या हाती टिपरू देतो आणि सगळी जबाबदारीही त्यांच्याच माथी मारतो.