चिठ्ठीतील मात्रा आणि घरातील चमचा : औषधमात्रेच्या भाषेची समीक्षा

बीजशब्द : औषधमात्रा, चिठ्ठी, चमचा, अंकलेखन, हिवताप, गोंदिया जिल्हा

डॉक्टरांची चिठ्ठी हीसुद्धा एक संहिता आहे; तिचे वाचन चुकले तर किंमत मात्र रोग्याला मोजावी लागते. गोंदिया जिल्ह्याच्या ग्रामीण भागाच्या संदर्भात औषधमात्रेची भाषा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्रेतील चूक म्हणजे गणितातील चूक, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हिशेब बरोबर असूनही मात्रा चुकते, कारण तो ज्या शब्दांतून घरी पोहोचतो ते शब्द सैल असतात.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे एका वेळी १५ मिलिग्रॅम धरले, तर ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम लागतात. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे ४.८ मिली होतात. २५० मिलिग्रॅमच्या सिरपचे २.४ मिली, आणि दर मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे अवघे १.२ मिली. औषध तेच, बाटल्या तीन. ‘एक चमचा द्या’ हे वाक्य पहिल्या बाटलीला जवळजवळ बरोबर ठरते, दुसरीला दुप्पट, तर थेंबांच्या बाटलीला चौपटीहून अधिक. हेच दिवसातून चार वेळा घडत राहिले तर यकृताला इजा होण्याचा धोका असतो. शिवाय चमचा कोणता? चिठ्ठीतला चमचा ५ मिलीचा, स्वयंपाकघरातला कोणत्याही मापाचा. वर्गातील मुलींना मी घरचे चमचे आणायला सांगितले होते. दोन घरच्या चमच्यांत पाणी सारखे मावले नाही.

अंकांचे लेखनही निर्दोष नाही. घाईत काढलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा, तर ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. शून्य न लिहिता नुसता ‘.५’ लिहिला आणि टिंब पुसट उमटले, की मात्रा दहापट होते. वास्तविक मराठीला अपूर्णांकांचे वावडे नाही. पावकी, निमकी, दीडकी पाठ केलेल्या पिढीला पाव, पाऊण, सव्वा, अडीच हे शब्द दशांशापेक्षा जवळचे. वरील १.२ मिली ‘सव्वा मिली, बिनसुईच्या सिरिंजने’ असे लिहिले तर फरक नगण्य राहतो आणि आईला ते उच्चारता येते.

याउलट हिवतापाच्या पाकिटाची भाषा अधिक विचारपूर्वक घडलेली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय औषधधोरणात फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट व एसपी यांची वयवार रंगीत पाकिटे होती : एक वर्षाखालील बाळासाठी गुलाबी, १ ते ४ वर्षांसाठी पिवळे, पुढे हिरवे, लाल, पांढरे. आशाताईला भागाकार करावा लागत नाही; तो रंगातच उरकलेला असतो. शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ने मोजणीत अडचण येणाऱ्या सुईणींसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन केले, त्यामागची दृष्टी हीच.

तथापि रंग वय सांगतो, वजन सांगत नाही. पिवळ्या पाकिटात रोजचे ५० मिलिग्रॅम आर्टेसुनेट असे. ते ७ किलोच्या कुपोषित मुलाला किलोमागे ७ मिलिग्रॅमहून थोडे अधिक पडते, १४ किलोच्या मुलाला साडेतीनच्या आसपास. आर्टेसुनेटची सुरक्षित कक्षा २ ते १० मिलिग्रॅम इतकी रुंद असल्याने हे निभावते. प्रत्येक औषध इतके उदार नसते. त्याच धोरणात ईशान्य भारतासाठीच्या दुसऱ्या औषधाची पाकिटे वजनाच्या गटांनुसार होती, ही बाब येथे नोंदवली पाहिजे. सालेकसा, देवरीसारख्या तालुक्यांत, जेथे वय आणि वजन यांचा मेळ अनेकदा बसत नाही, तेथे त्या पद्धतीची गरज कमी होती असे म्हणता येणार नाही.

आणि वजन अज्ञात असते असेही नाही. अंगणवाडीत मुलांचे वजन दरमहा करून नोंदवहीत लिहिण्याची पद्धत आहे. चिठ्ठीवर नाव असते, वय असते, तारीख असते. वजनाची जागा बहुधा कोरी असते, किंवा ती छापलेलीच नसते.