निळू फुले : ‘खलनायक’ या शिक्क्याची फेरतपासणी

मराठी चित्रपटांतील चरित्र अभिनेत्यांची चर्चा होते, तेव्हा निळू फुले यांचे नाव बहुधा खलनायकांच्या यादीत घेतले जाते. ग्रामीण चित्रपटांतील लंपट पाटील व मस्तवाल पुढारी ही त्यांची रूपे प्रेक्षकांच्या मनावर ठसली. नकलाकारांनी तर घोगरा आवाज आणि तिरकी नजर एवढ्यावरच त्यांची बोळवण केली. समीक्षेनेही हा शिक्का फारसा तपासला नाही, ही खेदाची बाब होय.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधील रोंगे आणि पुढे शंकर पाटील यांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ यांनी त्यांना नाव मिळवून दिले. लोकनाट्याचा नट प्रेक्षकांना थेट भिडतो. त्याचा भर शब्दांच्या फेकीवर असतो. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) पासून चित्रपटात आलेल्या या नटाने कालांतराने ती फेकच आवरती घेतली.

‘सामना’ (१९७४) हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट साखर कारखानदारीतून उभ्या राहिलेल्या नव्या सत्तेचा वेध घेतो. हिंदुराव धोंडे पाटील हा खुनाच्या सावलीत वावरणारा माणूस; परंतु फुले त्याला क्रूर दाखवीत नाहीत, यजमान दाखवितात. श्रीराम लागूंच्या मद्यपी मास्तरला आश्रय देताना त्याच्या वागण्यात खरा जिव्हाळा आहे आणि मालकी हक्कही. मारुती कांबळेचा प्रश्न पुढे येताच हिंदुराव चिडत नाही, आधी गप्प होतो. सत्ता उपकारातून कशी पसरते, हे त्या गप्प होण्यात जितके उमगते तितके संवादांतून उमगत नाही. सेवा दलात समतेचे संस्कार घेतलेला नट सत्ताधाऱ्याचे विडंबन करील, अशी अपेक्षा असते. येथे विडंबन नाही, समजून घेणे आहे. म्हणूनच हा पाटील अधिक भयावह वाटतो.

रंगभूमीवर ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मधील सखारामही याच वाटेवरचा. त्या नाटकाभोवतीचा वाद एवढा गाजला की अभिनयाची चिकित्सा मागेच पडली. हिंदीत मात्र ‘सारांश’ (१९८४) मधील गजानन चित्रे पुन्हा पुढारीच होता. त्या चित्रपटसृष्टीला त्यांच्यातील दुसरा नट बहुधा हवाच नव्हता.

तो दुसरा नट ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये दिसतो. पत्रकार दिगू टिपणीस सत्तेच्या खेळाचा केवळ साक्षीदार आहे. येथे पाटलाचा रुबाब नाही, दरारा नाही. आहे ती फक्त ऐकणाऱ्याची, हळूहळू थकत जाणारी नजर. अखेरीस भर रस्त्यात तो वेड्यासारखा हसू लागतो. १३ जुलै २००९ रोजी फुले यांचे निधन झाले. त्यानंतरही लोकांच्या आठवणीत पाटीलच पुढे राहिला, दिगू टिपणीस नव्हे.