साहाय्य की स्वस्त कर्ज? : 'जायका'च्या वित्तरचनेची चिकित्सा

जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था, अर्थात 'जायका', देत असलेल्या निधीस सरसकट 'साहाय्य' संबोधले जाते. संस्थेची वित्तरचना पाहता ही संज्ञा तपासून घेणे आवश्यक ठरते. तांत्रिक सहकार्य व अनुदान यांचा खर्च जपानच्या अर्थसंकल्पातून भागतो. येन-कर्जांसाठी मात्र सरकारी भांडवलाच्या जोडीला शासनाकडून उसनवारी होते, रोखे विकले जातात आणि जुन्या ऋणको देशांचे हप्ते नव्या कर्जांकडे वळवले जातात.

मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी २०१५ साली ठरलेल्या अटी अशा : खर्चाच्या ८१ टक्क्यांपर्यंत कर्ज, ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत व त्यांपैकी पहिली १५ वर्षे मुद्दलाच्या परतफेडीतून सूट. अटी उदार खऱ्याच. तथापि जपानमधील व्याजदर त्या काळी अत्यल्प होते, तेव्हा जपानी करदात्याचा त्याग कितीसा? २०१८ च्या आकडेवारीपासून ओईसीडीच्या विकास साहाय्य समितीने कर्जातील केवळ अनुदानतुल्य अंश साहाय्य म्हणून धरला, ही सुधारणाच म्हणावी लागेल. परंतु हा अंश काढताना भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशासाठी ७ टक्के वटाव-दर लावला जातो, मग कर्ज येनचे असो वा डॉलरचे. परिणामी स्वस्त येन कागदोपत्री घसघशीत दान ठरते. विनिमयदराची जोखीम मात्र ऋणकोच्या माथी राहते आणि तिची नोंद या हिशेबात कोठेच होत नाही.