हमीपासून देखभालीपर्यंत : मराठवाड्यातील रेल्वे करारांची चिकित्सा

प्रस्तावना :
रेल्वेच्या इतिहासाचा अभ्यास सामान्यतः मार्ग, स्थानके व गाड्या यांच्या अंगाने केला जातो. ज्या करारांच्या आधारे हे मार्ग उभे राहिले, त्यांची चिकित्सा मात्र अभावानेच आढळते. वास्तविक पाहता पैसा कोणी घालावा, तोटा कोणी सोसावा आणि देखभाल कोणी करावी, हे करारातच ठरते. नांदेड व लातूर या परिसराने अशा करारांचे अनेक प्रकार अनुभवले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींचा चिकित्सक विचार केला आहे.

हमीची पद्धत :
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी 1849 मध्ये झालेल्या करारानुसार भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी मिळाली व जमीन विनामूल्य देण्यात आली. उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरीतून भरावयाची होती. परिणामी खर्चात काटकसर करण्याचे कारणच कंपनीला उरले नाही. दादाभाई नौरोजी, गणेश व्यंकटेश जोशी आदी विचारवंतांनी रेल्वेविषयक धोरणावर केलेली टीका या संदर्भात लक्षणीय ठरते.

हैदराबाद संस्थानातही हेच तत्त्व स्वीकारले गेले. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या लंडनस्थित कंपनीच्या नावातच 'हमी' हा शब्द होता. चांदा रेल्वे योजनेस विरोध केल्याबद्दल 1883 मध्ये अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना हैदराबादमधून हद्दपार करण्यात आले. करारावर प्रश्न विचारणे हा राजद्रोहासारखा अपराध मानला गेला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. नांदेडहून जाणारा हैदराबाद-मनमाड मार्ग 1899 ते 1901 या काळात सुरू झाला व याच कंपनीने तो चालविला. 1930 मध्ये संस्थानाने रेल्वे ताब्यात घेतली.

बार्शी लाइटचे उदाहरण :
लातूरकरांना परिचित असलेली बार्शी लाइट रेल्वे यापेक्षा वेगळी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी रुळांवर, आसाचा भार 5 टन धरून, हलकी व स्वस्त रेल्वे आखली. 1897 मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली. काटकसर हाच तिच्या रचनेचा पाया होता. तथापि, 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतल्यावर त्या अरुंद मार्गाचे रुंदीकरण करण्याची जबाबदारी अखेर सार्वजनिक निधीवरच आली. स्वस्त बांधणीची किंमत पुढील पिढीला मोजावी लागते, हे येथे स्पष्ट होते.

खर्चविभागणी :
स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र व राज्य यांच्यातील खर्चविभागणीची पद्धत पुढे आली. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 कि.मी. मार्गाचा निम्मा भार राज्याने उचलला. 1995-96 मध्ये मंजूर झालेल्या या मार्गावर बीडपर्यंत गाडी पोहोचण्यास 2025 साल उजाडले. दोन दाते असले की विलंबाचे उत्तरदायित्व एकाचेही राहत नाही, ही या पद्धतीची मूलभूत उणीव होय.

लातूरचा नवा करार :
2023 मध्ये रशियन ट्रान्समॅशहोल्डिंग व रेल विकास निगम यांच्या संयुक्त कंपनीशी 120 वंदे भारत गाड्यांची निर्मिती व 35 वर्षे देखभाल करण्याचा करार झाला. निर्मितीसाठी लातूरजवळील मराठवाडा रेल्वे डबा कारखाना देण्यात आला. या करारास नवा वसाहतवाद म्हणणे हे अभ्यासाचे लक्षण नव्हे. जो बांधतो त्यालाच देखभाल करावी लागत असल्याने टिकाऊ बांधणीत त्याचे हित गुंतते. 1849 च्या करारात हा गुण नव्हता.

तरीही दोन प्रश्न शिल्लक राहतात. पहिला, 35 वर्षांत देखभालीचे ज्ञान कंत्राटदाराकडेच साचल्यास मुदत संपताना रेल्वेच्या कामगारांकडे काय उरेल? दुसरा, डब्यांची रचना व गाडीतील डब्यांची संख्या यांविषयीची चर्चा करारानंतरही सुरू राहिली. गरज निश्चित होण्यापूर्वी केलेला करार दोन्ही पक्षांना अडचणीत टाकतो.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कराराचे रूप बदलले तरी अंतिम जोखीम जनतेकडेच येते. म्हणून करार सरकारी की खाजगी, या वादापेक्षा तो जनतेस वाचावयास मिळतो की नाही, हा निकष अधिक मोलाचा आहे. 1883 मध्ये प्रश्न विचारणाऱ्यास हद्दपारी मिळाली. आज प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. मराठवाड्यातील अर्थशास्त्र, वाणिज्य व इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी तो बजावला नाही, तर ती उणीव कोणत्याही कंपनीची नसून आपली असेल.