डाम चौकांतील फांशीचें एक कोरीव चित्र

आम्स्टरडॅम येथें जून १७४८ मध्यें झालेल्या दंग्याचा मोड दाखविणारें, सिमोन फोके (१७१२–१७८४) याचें चित्र आम्ही येथें विचारास घेत आहों. तें ताम्रपटाचा कागदावरील ठसा आहे. ताम्रपट म्हणतांच आमच्या वाचकांस दानपत्र आठवेल, तें हें नव्हे. करांच्या मक्तेदारांचीं घरें लुटल्याबद्दल मारेत्ये आरेन्ट्स ही मासळीवाली व पीटर फान डोर्ट यांस २८ जून रोजीं डाम चौकांतील तोलघराच्या खिडक्यांतून फांशीं दिलें, तो हा प्रसंग.

स्थळाविषयीं चित्राची साक्ष मोलाची. कारण तें तोलघर १८०८ त पाडलें गेलें. प्रसंगाचें मर्म मात्र एकट्या ठशावरून कळत नाहीं. बाईचा आक्रोश ऐकूं जाऊं नये म्हणून ढोल वाजविले. गर्दीतील कित्येक चेंगरून वा दामराकच्या पाण्यांत बुडून मेले. आणि ज्या मक्तेपद्धतीविरुद्ध हा दंगा, ती हॉलंडच्या प्रांतिक सभेनें त्याच महिन्यांत रद्द केली! हें ठाऊक नसणारास येथें केवळ अपराध व दंड दिसेल.

सिंगल कालव्यावरील एका मक्तेदाराच्या घराची लूटही फोकेनेंच कोरली आहे. तींत खिडक्यांतून सामान फेकलें जात आहे. संग्राहकांनीं हे दोन ठसे निरनिराळ्या बासनांत ठेवूं नयेत.